सत्तावीस अंशांच्या रात्री

थंड खोलीत झोपलं की चरबी जळते, हा सल्ला आता मराठी घरांतही पोचला आहे. जिममधला प्रशिक्षक तो देतो, आहारावर व्हिडिओ करणारे देतात, एसीच्या दुकानातला विक्रेताही देतो. आकडासुद्धा ठरलेला असतो : १९ अंश. हा आकडा कुणी मनानं काढलेला नाही, त्यामागे मेहनतीनं केलेला एक खरा प्रयोग आहे. पण त्या प्रयोगातला आपल्या कामाचा भाग आपण वाचलाच नाही, असं माझं म्हणणं आहे. चार महिन्यांच्या त्या प्रयोगाचा शेवटचा महिना २७ अंशांचा होता. मुंबईत मे महिन्यात पहाटे, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात गार वेळी, बाहेर साधारण तेवढंच तापमान असतं. घरात त्याहून जास्त. एकोणीस अंशांची रात्र मोजक्या लोकांना विकत घेता येते. सत्तावीस आणि त्यावरची रात्र मात्र उन्हाळाभर कोट्यवधी लोकांच्या वाट्याला येते, आणि आपलं उष्म्याबद्दलचं सगळं धोरण दुपारी चार वाजता संपतं.

आधी तो प्रयोग नीट बघू. अमेरिकेत बेथेस्डा इथं तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं संशोधन रुग्णालय आहे. पॉल ली आणि सहकाऱ्यांनी तिथं पाच निरोगी तरुणांना चार महिने रात्रीच्या मुक्कामाला ठेवलं. दिवसा त्यांनी आपापली कामं करायची, रात्री किमान दहा तास तापमान बांधून दिलेल्या खोलीत राहायचं. पहिला महिना २४ अंश, दुसरा १९, तिसरा पुन्हा २४ आणि चौथा २७. अंगावर रुग्णालयाचे साधे कपडे, पांघरायला नुसती चादर. जेवण मोजून. दर महिन्याच्या शेवटी स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९ अंशांच्या महिन्यात तपकिरी चरबीचं, म्हणजे ऊर्जा जाळून ऊब देणाऱ्या चरबीचं, आकारमान सुमारे ४२ टक्क्यांनी वाढलं, तिचं काम सुमारे १० टक्क्यांनी वाढलं आणि जेवणानंतर इन्सुलिनला शरीर जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं. तिसऱ्या महिन्यात हा फायदा ओसरला. २७ अंशांच्या महिन्यात तो पूर्ण पुसला गेला.

आणि वजन? पाचांपैकी कुणाचंही लक्षणीय बदललं नाही. ही गोष्ट मुद्दाम ठळकपणे सांगायला हवी, कारण सल्ला देणारे नेमकी तीच गाळतात. त्या तरुणांची पोटं आत गेली नाहीत. बदल झाला तो साखर हाताळण्याच्या क्षमतेत. मधुमेहाच्या देशात हाच बदल वजनापेक्षा मोलाचा आहे, पण जाहिरातीत तो खपत नाही.

तपकिरी चरबी म्हणजे काय, हेही थोडं समजून घ्यावं लागेल. पोटावर, कमरेवर साठते ती पांढरी चरबी. ती ऊर्जेचा साठा करते. तपकिरी चरबी मानेभोवती, गळ्याच्या हाडाच्या वर, पाठीच्या कण्यालगत थोडीशी असते आणि ती ऊर्जा खर्च करते. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, खच्चून भरलेले असतात. त्यांच्यातल्या लोहामुळेच तिला तो रंग येतो. एरवी मायटोकॉन्ड्रिया अन्नातली ऊर्जा पेशींना वापरता येईल अशा रासायनिक रूपात बांधून ठेवतात. इथं यूसीपी-१ नावाचं एक प्रथिन मध्ये वाट फोडून देतं आणि ती ऊर्जा न बांधता सरळ उष्णता म्हणून बाहेर पडते. नवजात बाळ थंडीत कुडकुडत नाही, ते याच चरबीच्या जोरावर ऊब धरतं. मोठ्या माणसात ती जवळपास उरतच नाही अशी बराच काळ समजूत होती. कर्करोगाच्या रुग्णांचे पेट स्कॅन (शरीरात साखर कुठं वापरली जाते ते दाखवणारी तपासणी) बघताना डॉक्टरांना मानेपाशी साखर खेचून घेणारे ठिपके दिसायचे, थंडीच्या दिवसांत जास्त. २००९ मध्ये बॉस्टन, नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्त आणि फिनलंडमधलं तुर्कू अशा तीन ठिकाणच्या गटांनी एकाच वेळी दाखवून दिलं की मोठ्या माणसातही ही चरबी असते आणि थंडीत ती कामाला लागते.

पाच माणसांवरच्या प्रयोगावर धोरण उभं करता येत नाही, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पाचही पुरुष, पाचही तरुण, पाचही निरोगी. नेदरलँड्समध्ये पुढं टाइप-२ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस रोज सहा तासांपर्यंत १४-१५ अंशांत बसवलं, तेव्हा त्यांचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे ४३ टक्क्यांनी सुधारला. हे २०१५ मध्ये छापून आलं. दिशा तीच, माणसं पुन्हा थोडीच. म्हणून १९ अंशांवर झोपा, मधुमेह पळेल, असं कुणी सांगत असेल तर त्याला थांबवलं पाहिजे. शिवाय आपल्याकडे १८ वर एसी लावून लोक जाड दुलई ओढून घेतात. पांघरुणाच्या आत अंगालगतची हवा बत्तीस अंशांच्या आसपास असते. मग खोली गार असून शरीराला गारवा कळत नाही, फक्त विजेचं बिल वाढतं. बेथेस्डाच्या त्या तरुणांना चादरच का दिली, याचं कारण हेच आहे.

उलट बाजूनंही ताणू नये. निफाडला थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा पातळ वाकळेत झोपणाऱ्या शेतमजुराला काही चयापचयाचा लाभ होत नसतो. थंडीनं रक्तदाब वाढतो, म्हाताऱ्यांच्या हृदयावर भार येतो. थंड हवामानाच्या देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये घरात किमान १८ अंश तापमान असावं अशी शिफारस केली, ती म्हणूनच.

मग मी २७ अंशांवर एवढा भर का देतो? कारण तिथं पुरावा एकट्या तपकिरी चरबीचा नाही. तिथं झोपेचा प्रश्न येतो, आणि झोपेचा पुरावा भक्कम आहे.

झोप लागताना शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरावं लागतं. त्यासाठी तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता तिथून बाहेर टाकली जाते. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं, की ज्याचे तळपाय आधी गरम होतात त्याला झोप लवकर लागते. झोपताना पांघरुणाबाहेर पाय काढणारं आपल्या घरातलं माणूस नेमकं हेच करत असतं. पण उष्णता बाहेर टाकायची तर भोवतालची हवा ती घ्यायला तयार हवी. भिंत ३४ अंशांची, छत त्याहून तापलेलं आणि हवेत कोकणपट्टीचा दमटपणा असेल, तर घाम येतो पण वाळत नाही. माणूस कूस बदलतो, उठतो, पाणी पितो, पुन्हा पडतो. ६८ देशांतल्या ४७ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटावरच्या, झोप नोंदणाऱ्या पट्ट्यांमधून गोळा केलेल्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये आला. रात्रीचं किमान तापमान ३० अंशांच्या वर गेलं की झोप सरासरी चौदा मिनिटांनी कमी होते, असं त्यात दिसलं. हा फटका गरीब देशांतल्या लोकांना, वयस्कांना आणि स्त्रियांना जास्त बसतो. मनगटी पट्टा परवडणाऱ्यांची ही कथा. पत्र्याच्या खोलीत झोपणारा माणूस त्या आकड्यात फारसा नाहीच.

झोप तुटली की साखरेचं काय होतं? शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोटभर झोपेनंतरच्या तुलनेत त्यांच्या रक्तातली साखर हटण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला होता. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत अशा अर्ध्यामुर्ध्या झोपेच्या रात्री सहाच असतात का?

आणि हे सगळं घडतं ते आधीच नाजूक असलेल्या शरीरात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये एक साधं छायाचित्र प्रसिद्ध केलं होतं : ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. ब्रिटिश गृहस्थांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आत चरबी, असा हा भारतीय देह. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवलं की ही घडण जन्मापासूनच असते. नेदरलँड्समध्ये लायडनच्या गटानं २०१४ मध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांची तुलना गोऱ्या तरुणांशी केली. दक्षिण आशियाई तरुणांत तपकिरी चरबी आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जा, दोन्ही सुमारे एक तृतीयांशानं कमी आढळली. तीही दोन्हीकडे बारा-बारा माणसं, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक आणि त्याच्या उंबरठ्यावरचे १३ कोटींहून अधिक लोक आहेत, हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ मधला अंदाज आहे. पाच अमेरिकी तरुणांच्या रात्री मोजल्या गेल्या. नागपूरच्या, सोलापूरच्या, मालाडच्या घरांतल्या माणसांच्या रात्री मोजून, त्यांची साखर, त्यांची झोप आणि त्यांच्या खोलीचं तापमान एकत्र मांडणारं काम पुण्या-मुंबईच्या संस्थांनी मोठ्या प्रमाणावर हाती घ्यायला हवं. खर्च फार नाही. खोलीत ठेवायची तापमान नोंदणारी पेटी मुठीएवढी असते.

आता खोलीकडे वळू, कारण खरं भांडण तिथं आहे.

पत्र्याचं छत दुपारी बाराला तापतं आणि सूर्य बुडाल्यावर तासा-दोन तासांत निवतं. सिमेंटच्या स्लॅबचं तसं नाही. तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सातपासून ते खाली सोडायला लागतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा. रात्री अकराला छताला हात लावला तर चटका नसला तरी ऊब स्पष्ट लागते, आणि पंखा सुरू केला की तो तीच ऊब अंगावर ढकलतो. म्हणून बायका संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओततात. पाणी मिनिटभर वाफाळतं, गच्चीचा ओलसर वास येतो आणि तासाभरात स्लॅब पुन्हा कोरडा पडतो. विदर्भात कूलर आहे, वाळ्याच्या नाहीतर लाकडी काथ्याच्या ताट्यांचा. कोरड्या हवेत तो खोली बऱ्यापैकी उतरवतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तोच कूलर निरुपयोगी ठरतो. आधीची पिढी काय करायची, असं अनेक जण विचारतात. ती अंगणात बाज टाकायची, गच्चीवर झोपायची. उघड्या आकाशाखाली झोपलेल्या माणसाच्या अंगातली उष्णता थेट वर निघून जाते. स्लॅबखाली तीच उष्णता उलट अंगावर येते. आता अंगण राहिलं नाही, सोसायटीच्या गच्चीला कुलूप आहे आणि बाहेर झोपणं बाईमाणसाला तर जवळपास बंदच आहे. इन्सुलिनची कुपी घरात असलेल्या, पण फ्रिज नसलेल्या माणसाला ती कुपी ओल्या मडक्यात ठेवायला सांगतात. औषधाच्या गारव्याची आपण एवढी काळजी घेतो, ते टोचून घेणाऱ्या माणसाच्या गारव्याची कुणी घेत नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींनी हा प्रश्न सुटला असता. तसं झालं नाही. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे. आयआयटी मुंबई आणि ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था यांच्या अभ्यासानं तिथला क्षयरोग ऊन आणि वारा न येण्याशी जोडून दाखवला. ज्या खिडकीतून वारा येत नाही तिच्यातून रात्रीची उष्णताही बाहेर जात नाही. क्षयरोग जंतूमुळे होतो आणि मधुमेहाची कारणं वेगळी, हे खरं. पण मधुमेह असलेल्याला क्षयरोगाचा धोका दोन-तीन पट असतो, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही रोगांना त्या तीन मीटरच्या फटीत थारा मिळतो आणि आपण बांधकाम नियमांकडे आरोग्याचा विषय म्हणून बघतच नाही.

एसी हे याचं उत्तर का नाही? म्हाताऱ्या, हृदयविकाराच्या, गरोदर बाईच्या खोलीत तो जरूर असावा. मे महिन्यात तो त्यांच्यासाठी औषधच आहे. ज्याला परवडतो त्यानं तो लावूही नये, असं मी म्हणणार नाही. पण केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण आराखड्यानुसार त्या वेळी देशातल्या फक्त आठ टक्के घरांत एसी होता. आणि एसी उष्णता नाहीशी करत नाही, ती बाहेर फेकतो. अमेरिकेत फिनिक्स शहराच्या २०१४ मधल्या अभ्यासात, एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेनं रात्रीची हवा एक अंशाहून जास्त तापते, असं दिसलं. फिनिक्सचे रस्ते रुंद आहेत. तीन मीटरच्या फटीत लावलेल्या एसीची गरम हवा समोरच्या खिडकीतल्या माणसाच्या अंगावर जाते, आणि त्याच्याकडे एसी नसतो. जानेवारी २०२० पासून नव्या एसीचं तापमान सुरुवातीलाच २४ वर बांधलेलं असतं. एक अंश वर नेला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. चोवीस अंश, हलकी चादर आणि मंद पंखा ही रात्र शरीराला पुरेशी आहे. एकोणिसाच्या नादात तीच फार महाग करून ठेवली जाते.

सरकारकडे मागायचं ते वेगळं आहे. अहमदाबादनं २०१० च्या उन्हाळ्यातल्या मृत्यूंनंतर २०१३ मध्ये देशातला पहिला उष्मा कृती आराखडा केला. मग नागपूरसारखी शहरं त्या वाटेनं गेली. त्यांनी जीव वाचवले, यात शंका नाही. पण या आराखड्यांतला सल्ला दुपारभोवती फिरतो : बारा ते चार बाहेर पडू नका, ताक प्या, डोक्यावर टोपी घाला. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर भर उन्हात बसलेल्या चौदा जणांचा जीव गेला, तेव्हा राज्यभर चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. दहा-बारा आठवडे रात्रीमागून रात्री न झोपल्यानं ज्याची साखर वाढत जाते, त्याची बातमी होत नाही. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं, ठरावीक इमारतींना उष्णता परतवणारं छत सक्तीचं केलं. महाराष्ट्रानं तेच करावं आणि सुरुवात पुनर्वसनाच्या इमारती, म्हाडाच्या वसाहती, पोलीस लाइनी, आश्रमशाळांची वसतिगृहं इथून करावी. फेब्रुवारीत गच्चीला चुन्याचे दोन हात दिले तर वरच्या मजल्यावरची रात्र बदलते. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडा डिंक नाहीतर फेव्हिकॉल घालायचा आणि कुंच्यानं उभे-आडवे हात मारायचे. गवंड्याला एका गच्चीचं हे एका दिवसाचं काम आहे. दुसरी गोष्ट विजेची. रात्री अकरा ते पाच या वेळेत रोहित्र जळालं तर सकाळपर्यंत थांबायचं, ही पद्धत उन्हाळ्यापुरती तरी मोडायला हवी. पंखा बंद पडलेल्या खोलीत म्हातारं माणूस काय सोसतं, हे दुरुस्तीचा क्रम ठरवणाऱ्यानं लक्षात घ्यावं.

आणि इशारा. हवामान विभागाच्या व्याख्येत ‘उष्ण रात्र’ आहे. पण तिची पहिली अट अशी, की दिवसाचं कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून जास्त असलं पाहिजे. त्यानंतर रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त भरलं तर ती रात्र उष्ण ठरते. नागपूर, अकोला, चंद्रपूरला हे बसतं. मुंबईत, ठाण्यात, कोकणात दिवसाचा पारा चाळिशी क्वचितच गाठतो आणि समुद्रामुळे रात्रीचं तापमान एकदम साडेचार अंशांनी चढत नाही. म्हणजे मे महिन्यात मुंबईकर २९ अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रतेत रात्र काढतो, तरी कागदावर ती उष्ण रात्र नसते. दुपारच्या लाटेसाठी किनारपट्टीला ३७ अंशांचा वेगळा निकष आहे, कारण तिथला दमटपणा शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. उष्ण-दमट हवेचे इशारेही कोकणासाठी निघतात. रात्रीसाठी तसा वेगळा निकष, आर्द्रता धरून, का असू नये? तो आला तर महापालिकेला रात्री शाळा, समाजमंदिरं, पालिकेची सभागृहं पंखे आणि पाणी लावून झोपायला उघडी ठेवता येतील, दवाखान्यांना आपल्या मधुमेही रुग्णांना आधी निरोप देता येईल. पुढच्या मार्चच्या आत ही व्याख्या बदलून घेण्यासाठी मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत पाठपुरावा करावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.